तुटत्या ओळीची चाल

यमराज म्हणून माझी कारकीर्द जेमतेम चार महिन्यांची, पण मोठ्या थाटाची झाली. काळी सॅटिनची लुंगी, पुठ्ठ्याची शिंगं, कोळशाने रेखलेल्या मिशा आणि खांद्यावर विहिरीचा जाडजूड दोर. खदानीत दुपारची जेवणाची सुट्टी झाली की मी उभ्या ट्रकच्या फाळक्यावरून उडी मारायचो आणि गरजायचो, "कोण आहे रे तो, तोंड न झाकता ड्रिल चालवणारा? चल माझ्याबरोबर!" दगडांवर बसून रोटी-कांदा खाणारी सगळी मंडळी उठून उभी राहायची. घाबरून नव्हे, पुढे जागा मिळावी म्हणून.

चौथ्या महिन्यात त्यांनी मला झेंडूचा हार घातला. एका ड्रिलवाल्याने आपल्या तान्ह्या मुलीला माझ्या मांडीवर ठेवून फोटो काढून घेतला. यमराजाच्या मांडीवर! मी इतका खूश होतो की परतीच्या जीपमध्ये शिंगं उतरवायचीच विसरलो आणि काशीतल्या मंगला गौरीच्या आमच्या गल्लीत तसाच शिरलो. वाटेत आडव्या बसलेल्या गाईने मला नीट निरखून वाट करून दिली.

बायकोने दार उघडलं, शिंगांकडे पाहिलं आणि विचारलं, "तुम्ही वाटलेले मास्क किती जणांनी लावले?"

ही तिची जुनी खोड आहे. सगळं छान चाललेलं असताना मुद्द्याचं विचारायचं.

"एकाने चहा गाळायला घेतलाय," मी म्हणालो. "उत्तम गाळतो म्हणे."

"आणि बाकीच्यांनी?"

"दुसऱ्याने सायकलच्या सीटला घातलाय."

"म्हणजे सीटला धुळीचा त्रास नाही होणार," ती म्हणाली आणि वरण गरम करायला निघून गेली.

थोडं सांगून टाकतो, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की मी बहुरूपी आहे. आमच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या पौरोहित्य. काशीत येणाऱ्या मराठी यात्रेकरूंना परलोकाची नीट व्यवस्था लावून द्यायची, हे आमचं काम. मी धाकटा आणि वाह्यात, म्हणून इहलोकाकडे वळलो. शहरातल्या एका लहानशा संस्थेत मी आरोग्य-संवादक आहे. गंगा ओलांडून दीड-दोन तास गेलं की डोंगर लागतात आणि डोंगरात दगडाच्या खदानी. तिथल्या कामगारांना धुळीचे धोके समजावून सांगायचे, तपासणीला आणायचं, हे माझं काम. बायको धर्मादाय इस्पितळात एक्स-रे काढते. मी छाती पुढे काढून बोलतो आणि ती छातीच्या आत बघते. घरात शेवटचा शब्द कोणाचा, हे वेगळं सांगायला नको.

खदानीत माझ्या यमराजाला एकच खरा प्रतिस्पर्धी होता, एक गायक.

पंचेचाळिशीचा, काटक माणूस. पंधरा-सोळा वर्षं ड्रिल चालवत आलेला. दिवसभर छातीशी ती धडधडती मशीन धरून दगडात भोकं पाडायची आणि सुट्टीत बिरहा गायचा. बिरहा म्हणजे आमच्याकडचं लोकगीत. एका कानावर हात ठेवून मुख्य गायक लांबलचक हाक घालतो, तिला टेर म्हणतात, आणि मग मागचे साथीदार ओळ उचलतात. या गायकाची कीर्ती पंचक्रोशीत होती, आणि ती एका खास गोष्टीसाठी. तो ओळ पूर्ण करत नसे. मध्येच, अगदी अनपेक्षित जागी, ओळ तोडून टाकायचा, आणि मागचे चौघे ती हवेतच झेलायचे. लोक त्याला 'खदानीची चाल' म्हणत. इतर खदानींतले पोरगे ती शिकायला येत. मी स्वतः ती माझ्या नाटकात वापरली. यमराज अर्ध्यावर वाक्य तोडतो आणि चित्रगुप्त ते पुरं करतो. दणकून टाळ्या!

एकदा मी त्याचं भर सुट्टीत कौतुक करत होतो. "गुरु, काय कल्पना आहे! ओळ तोडायची! असं शास्त्रीय गाणाऱ्यांनाही सुचत नाही!"

तो नुसता हसला. त्याची बायको पलीकडे ट्रकमध्ये दगड भरत होती. डोक्यावरचा दगड आत टाकून ती वळली. तिला मी भौजी, म्हणजे वहिनी, म्हणायचो, आणि त्या नात्याने ती मला वाटेल ते बोलायची.

"काय हो मास्टर, डोकं शिंगांसकट घरी ठेवून आलात काय?" ती म्हणाली. "कसली चाल आणि कसलं काय. दम पुरत नाही त्याला. म्हणून तोडतो."

सगळे हसले. गायकही हसला, पण हसता हसता त्याला खोकला आला आणि तो बराच वेळ थांबला नाही.

"गप बस," तो तिला म्हणाला, "बायामाणसांना गाण्यातलं काय कळतंय."

"गाण्यातलं नाही कळत. बिछान्यातलं कळतं. आडवं झालं की दम लागतो, दोन उशा लागतात तुला आता."

मी आरोग्य-संवादक! श्वासावर बोलायचा पगार घेतो, आणि माझ्यासमोर एक माणूस श्वास संपत आल्याची वर्दी रोज दुपारी गाऊन देत होता. मी काय करत होतो? वाहवा देत होतो. शिवाय ती चाल आता वीस-पंचवीस पोरं गात होती.

त्या दिवशी घरी जाऊन मी बायकोला सगळं सांगितलं, या वेळी हातवारे न करता. तिने भाजी चिरायची थांबवली.

"त्याचा एक्स-रे कधी झालाय?"

"नाही. गावच्या डॉक्टरने दोनदा टी.बी.च्या गोळ्या दिल्यात म्हणे. गूळ खातो. खदानीत सगळेच खातात, गुळाने धूळ खाली उतरते असं म्हणतात."

"गूळ पोटात जातो. धूळ फुप्फुसात जाते. दोघांची गाठ पडायची कुठे?" ती म्हणाली. "त्याला घेऊन या."

हे सोपं नव्हतं. येत्या पौर्णिमेनंतर शहरातल्या एका मंदिराचा वार्षिक शृंगार, म्हणजे देव सजवण्याचा उत्सव, होता आणि तिथल्या बिरह्याच्या मंचावर त्याला गायचं होतं. बनारसच्या मंचावरून बोलावणं पहिल्यांदाच आलं होतं. अशा वेळी छातीत काही निघालं तर? 'गायक आजारी आहे' ही बातमी गाण्याच्या आधी मंचावर पोचली असती. त्याने साफ सांगितलं, "शृंगार होऊ दे मास्टरसाब. मग काय हवं ते काढा."

पण हट्ट ही माझीही वडिलोपार्जित मिळकत आहे. मी शिंगं आणि लुंगी संस्थेच्या कपाटात कुलूपबंद केली आणि पुढच्या खेपेला खदानीत एक स्पर्धा जाहीर केली: सर्वांत लांब टेर कोणाची? सगळ्यांना खुली. ड्रिलवाले, छिन्नीवाले, ट्रक भरणाऱ्या बाया, चहावाला, सगळे. एकेकाने कानावर हात ठेवून हाक घालायची, बाकीच्यांनी एका लयीत टाळ्या वाजवायच्या. जितक्या टाळ्या, तितके गुण. बक्षीस एक स्टीलचा हंडा. मुख्य पाहुणे खुद्द ठेकेदार.

ठेकेदाराला बोलावण्यात माझा कावा होता, कबूल करतो. तो गायकाचा मोठा चाहता. 'माझा गायक' असं मिशीला पीळ देत सांगायचा. ड्रिलवर पाणी सोडलं तर धूळ उडत नाही, चिखल होऊन खाली बसते, हे मी त्याला दहा वेळा सांगितलं होतं. दहाही वेळा त्याने विचारलं होतं, "पाणी कुठून आणू?" वास्तविक शेजारीच जुनी, सोडून दिलेली खदान पाण्याने तुडुंब भरलेली होती. फक्त पंप आणि पाइप हवा होता.

स्पर्धा रंगली. छिन्नीवाल्यांनी पंधराच्या पुढे टाळ्या घेतल्या. चहावाला वीसवर गेला आणि खाली वाकून स्वतःच्या पायांना नमस्कार केला. भौजीने पदर खोचला, कानावर हात ठेवला आणि सुरू झाली. वीस, बावीस, चोवीस. टाळ्या वाजवणारे थकले, ती थकली नाही. सत्ताविसाव्या टाळीला तिने स्वतःहून सोडलं आणि म्हणाली, "पुढे जाते, पण चूल पेटवायची आहे."

मग ड्रिलवाले आले. पहिला नवव्या टाळीला तुटला. लोक हसले. दुसरा अकरा. लोक कमी हसले. तिसरा, अगदी पंचविशीतला, दाराएवढी छाती असलेला, दहा. आता कोणी हसेना. चौथ्याच्या वेळी टाळ्याच बिचकत वाजू लागल्या, जणू हळू वाजवल्या तर तो जास्त टिकेल. आठ.

शेवटी गायक उठला. त्याला सगळं कळलं होतं. माझ्याकडे त्याने असं पाहिलं की मला वाटलं, हा हंडा माझ्याच डोक्यात पडणार. पण उभा राहिला, कानावर हात ठेवला. आवाज तोच, काळीज चिरणारा. सहाव्या टाळीला तो तुटला, त्याच सुंदर जागी. मागच्या चौघांनी सवयीने ओळ झेलायला तोंडं उघडली आणि मिटली.

टाळ्या वाजवणाऱ्यांनी हात खाली घेतले.

ठेकेदार उठला. "काय तमाशा आहे हा," तो म्हणाला. "मी दाखवतो." मुख्य पाहुणा म्हणून मी घातलेला हार गळ्यात तसाच होता. ही गोष्ट मला ठाऊक नव्हती, पण तिथल्या जुन्या लोकांना ठाऊक होती, की ठेकेदार होण्याआधी त्याने स्वतः दहा वर्षं ड्रिल चालवली होती. त्याने कानावर हात ठेवला. सातव्या टाळीला त्याला ठसका लागला. "पान," तो म्हणाला, "पान अडकलं." आणि हारासकट जीपमध्ये बसून निघून गेला.

बायकोला मी हे घरी मोठ्या विजयाने सांगितलं. ती म्हणाली, "हाक मोजणं म्हणजे तपासणी नव्हे, एवढं लक्षात ठेवा. बारीक माणसाची लांब असेल, सर्दीवाल्याची तोकडी असेल. आणि चार लोकांत त्याची लाज काढलीत." मग म्हणाली, "पण आता तो येईल."

तो आला. मंगळवारी, भौजीला घेऊन, इस्त्रीचा कुर्ता घालून, जणू एक्स-रेत कुर्ताही दिसणार होता. बायकोने फोटो काढला आणि छातीच्या डॉक्टरांकडे पाठवला. तोवर मी दोघांना घेऊन भोसले घाटाच्या पायऱ्यांवर बसलो. गायक पायरीच्या दगडावरून हात फिरवत राहिला. "हा आमच्याकडचाच," तो म्हणाला. "कोणी काढला असेल, देव जाणे. त्या वेळी मशीन नव्हती, हाताने काढायचे. त्यांचा दम लांब असेल नाही, मास्टरसाब?" भौजीने पिशवीतून गूळ काढला, पाहिला आणि परत ठेवला.

दुपारी डॉक्टरांनी सांगितलं. टी.बी. नव्हता. दगडाची धूळ फुप्फुसात बसून तिथे वण पडले होते, दोन्ही बाजूंनी. बायको त्याला आपल्या खोलीत घेऊन गेली, फिल्म उजेडाशी धरली आणि बोटाने दाखवलं. ती माझ्यासारखी गरजत नाही. एकेक वाक्य ठेवते.

"हे परत पहिल्यासारखं होणार नाही, भाईसाब. खोटं सांगणार नाही."

"गाणं?"

"जेवढा श्वास उरलाय, तो राखता येईल. पण कोरड्या धुळीत पुन्हा गेलात तर तोही जाईल. गमछा बांधून भागत नाही, ही धूळ गमछ्यातून जाते. आणि दर काही महिन्यांनी येऊन दाखवायचं."

त्याने फिल्म हातात मागून घेतली. मग मला म्हणाला, "त्या पोराचं काय, मास्टरसाब? दहा टाळ्यांवाल्या? लग्न व्हायचंय त्याचं."

इथून पुढे मी नाटक करण्यासारखं काही उरलं नाही. त्यानेच केलं. दुसऱ्या दिवशी तो खदानीत गेला, ड्रिल उचलली नाही आणि दगडावर बसून राहिला. फिल्म एका काठीला खिळ्याने टांगली होती. जो येईल त्याला म्हणायचा, "उजेडाकडे करून बघ. हा मी आहे." संध्याकाळपर्यंत चारही ड्रिलवाले त्याच्या शेजारी बसले. पाणी आल्याशिवाय भोक पाडायचं नाही. पहिल्या दिवशी ठेकेदाराचा मुनीम ओरडला. दुसऱ्या दिवशी बाहेरून ड्रिलवाले आणायची धमकी आली. भौजीने आणि बायांनी सांगितलं, आणा, पण ट्रक भरायला कोणी हात लावणार नाही. चौथ्या दिवशी एक टेंपो आला. त्यात एक जुनाट पंप, हिरवा पाइप आणि मागे, तोंड न दाखवता, ठेकेदाराची जीप.

मंडळी खूश झाली असं समजू नका. ओल्या ड्रिलिंगचा पहिला दिवस म्हणजे शिमगा. पांढरा चिखल अंगभर, ड्रिलचं टोक, ते बिट, अडकतंय, पाइप निसटतोय, जानेवारीचं पाणी कडाक्याचं. "हा काय आरोग्याचा मार्ग, न्यूमोनिया होऊन मरू!" दहा टाळ्यांवाला ओरडला. मी पाइप धरला होता आणि तो माझ्या हातून सुटून मुनिमाच्या धोतरावर गेला. मुद्दाम नव्हे, असं मी आजही शपथेवर सांगतो. गायक मात्र वाकून भोकाच्या तोंडाशी पाहत होता. धूळ उडत नव्हती. नुसता चिखल वाहत होता. "चालू दे," तो म्हणाला. "अडकलं तर काढ. पुन्हा लाव. चालू दे." आठवड्याभरात त्यांनी फाटलेल्या ताडपत्रीचे एप्रन शिवले, रबरी बूट मागून घेतले, आणि बिट अडकू नये म्हणून पाणी किती सोडायचं, याचं जे गणित त्यांनी बसवलं ते माझ्या एकाही पोस्टरवर नव्हतं. नवे, नीट घट्ट बसणारे मास्कही आले. या वेळी सायकलच्या सीटला एकही गेला नाही.

आणि शृंगार? तो आलाच.

संध्याकाळ, मंदिराबाहेर रोषणाई, मंचावर लाउडस्पीकर. मी आणि बायको सतरंजीवर बसलो होतो. डोंगरातून दोन ट्रक भरून लोक आले होते, अनेक खदानींतले. गायक पांढऱ्या कुर्त्यात उभा राहिला. कानावर हात ठेवला, टेर घातली आणि सहाव्या-सातव्या मात्रेला ओळ तुटली. लोकांनी आरोळ्या ठोकल्या. "वाह गुरु! खदानीची चाल!"

त्याने हात वर केला.

"टाळ्या वाजवू नका," तो माइकवर म्हणाला. "ही चाल नाही. हा माझा रोग आहे."

मागच्या साथीदारांपैकी एकाने ढोलकीवरचा हात उचलला.

"धुळीने माझा श्वास खाल्ला. मला कळलं नाही, मी गात राहिलो, तुम्ही वाहवा देत राहिलात. वाहवा बरी वाटते. आता जी पोरं माझी नक्कल करतात, त्यांनी ऐका. ज्याला जमतं त्याने ओळ पुरी घ्यावी. ज्याला जमत नाही त्याने लाजू नये, मंगळवारी छातीचा फोटो काढायला जावं. मीही गेलो." आणि मग त्याने इस्पितळाची गल्ली, वळण, कुठल्या दाराने शिरायचं, पावती कुठे फाडायची, सगळं सांगितलं, इतक्या तपशिलात की बायकोने माझ्या कोपरात कोपर मारलं. "हे तुम्ही शिकवलंत त्याला?"

"नाही," मी म्हणालो. खरंच नव्हतं.

त्यानंतर त्याने ट्रक भरणाऱ्यांपैकी एकाला पुढे बोलावलं आणि लांब टेर त्याला दिली. स्वतः मधल्या लहान ओळी घेतल्या. बसून गायला, मध्ये पाणी पीत. त्या संध्याकाळी मंचावरच्या मानाची शाल आणि फेटा दुसऱ्याच गावच्या गायकाला मिळाला. आमच्या गायकाने स्वतः उठून त्याला मिठी मारली आणि भौजीच्या शेजारी येऊन बसला.

मंगळवारी सकाळी मी इस्पितळाच्या दारात उभा होतो. नव्या कुर्त्यात, हातात झेंडूची फुलं, तोंडात तयार स्वागतपर भाषण. येतील की नाही, या काळजीने रात्रभर झोप नव्हती. आठ वाजता गल्लीच्या वळणावर पहिले चार दिसले. मग सात. मग मोजणंच सोडलं. काही बूट घातलेले, काही अनवाणी, तिघे पलीकडच्या अशा खदानीतले जिथे मला कधी आत पाऊल टाकू दिलं नव्हतं. दहा टाळ्यांवाला सगळ्यांच्या पुढे होता आणि मागच्यांना ओरडत होता, "रांगेत! रांगेत! मॅडमजी घुसखोरी चालवून घेत नाहीत!"

मी घसा साफ केला. हात उंचावला. "बंधूंनो आणि भगिनींनो..."

"अहो," आतून बायकोचा आवाज आला, "दार अडवून उभे राहू नका. पलीकडून खुर्च्या आणा बघू. खोकणारी माणसं उभी आहेत."

मी फुलं खिडकीत ठेवली आणि खुर्च्या आणायला गेलो.